बोलावलं पंपासाठी, एस्टिमेट दिलं ब्रेकचं: सर्व्हिस सेंटर अन् नाक्यावरचा मिस्त्री, दोघांचाही रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, कंपनीचं अन् सर्व्हिस सेंटरचं नाव लिहिणार नाही, मला कोणाशी भांडण करायचं नाही अन् हे कुठल्याही शोरूमात होऊ शकते. गाडी आपली साधी, छोटी, पेट्रोलची, 2020 ला नवीन घेतलेली, आता 61 हजार किलोमीटर झाले, त्यातले अर्धे दारव्हा-यवतमाळ अन् बाकीचे गावातून शेतात, पांदण रस्त्यानं, जिथं पावसाळ्यात बैलबंडी फसते तिथं मी हिला घातलेली आहे. म्हणून गाडी नाजूक हातात होती असं काही माझं म्हणणं नाही.

तर झालं असं की मेसेज आला, तुमच्या गाडीच्या फ्युएल पंपात दोष असू शकते, जवळच्या वर्कशॉपला आणा, तपासून गरज पडली तर फुकटात बदलून देऊ. खाली निळी लिंक. आता ज्या मोबाइलवर "आज रात्री तुमची वीज कापली जाईल" असले मेसेज येतात त्याच मोबाइलवर हा आला तर माणूस काय समजणार? डिलीट केला. आठ दिवसांनी फोन आला, पोरगी गोड बोलत होती, सर सेफ्टी रिकॉल आहे, कधीची अपॉइंटमेंट घेऊ. मी म्हटलं बाई ओटीपी मागू नको. ती म्हणे सर ओटीपी नको, गाडी आणा फक्त. फोन ठेवला पण मग डोक्यात चुकचुक लागली. लिंकवर गेलोच नाही, कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडली, तिथं चेसिस नंबर टाकायची जागा असते, आरसीवर 17 आकडे-अक्षरांचा लंबा नंबर असते तो टाकला, अन् आली ना गाडी लिस्टमध्ये. म्हणजे पोरगी खरं बोलत होती.

माझी चूक एवढीच झाली की हे मी टपरीवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की याच्या गाडीचे ब्रेक कंपनीतूनच फेल निघाले. पंप कुठं गेला कोणास ठाऊक. कारण असं की पंधरा दिवसांपासून माझी गाडी ब्रेक दाबला की किर्रर्र करत होती, मी घरी पोचायच्या आधी आवाज पोचत होता, त्यामुळे लोकांनी दोन जोडून घेतले. एक काका म्हणे, "वापस कर गाडी, नवीन माग, कायदा हाये आता." दुसरा म्हणे, "रिकॉल-बिकॉल काही नसते बापा, धंदा हाये, गाडी एकदा आत घेतली का चार-पाच हजार काढूनच सोडते." खरं सांगतो, मी दुसऱ्याच्या बाजूनं होतो. कंपनी आपणहून फुकट काही करते यावर आमच्या घरात कोणाचाच विश्वास नाही, बियाण्याच्या बॅगवर काय लिहिलेलं असते अन् उगवते किती ते पाहून पाहून असं झालं आहे.

कायद्याचं काकाचं अर्धं बरोबर होतं. आपल्याकडं 2012 पासून गाड्यांच्या कंपन्यांची संघटना सियाम हिचा एक कोड होता, ऐच्छिक, म्हणजे कंपनीच्या मनावर. मग 2019 ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम 110 अ आलं, त्यात सरकार स्वतः रिकॉल लावू शकते, अन् त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी पाहिजे. सरकारनं सांगूनही ऐकलं नाही तर कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. एक कोटी म्हणजे कंपनीसाठी चहापाणी, पण आपल्यासाठी नियम आहे एवढं तरी आहे. मात्र कायद्यात गाडी बदलून द्यायचा पर्याय असला तरी खराब भाग बदलून देणं एवढाच साधारण मामला असते.

अपॉइंटमेंटच्या आधी मी नाक्यावरच्या मिस्त्रीकडं गेलो, बाबांच्या वेळेपासून तिथंच जातो, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. माझा हिशोब साधा होता, पंप बंद पडला तर गाडी थांबेल, थांबली तर थांबली, ढकलू. त्यात सेफ्टी कुठून आली? सेफ्टी म्हणजे ब्रेक, एअरबॅग, सीट बेल्ट. चाचा काही बोलले नाहीत, बिडी विझवली अन् म्हणाले, "बस गाडीत. चालू कर. ब्रेक दाब. कसा हाये?"

नरम, म्हटलं.

"आता इंजिन बंद कर अन् दाबत जा."

पहिला ठीक गेला. दुसरा थोडा कडक. तिसऱ्या-चौथ्याला पेडल असं झालं की जसा पायाखाली दगड. मी सहा वर्षं गाडी चालवून राहिलो अन् हे कधी करून पाहिलं नव्हतं. चाचा म्हणाले, "ब्रेकले जो जोर मिळते ना, तो इंजिनाच्या हवेच्या ओढीवर मिळते, बूस्टर म्हणतात त्याले. इंजिन मेलं का दोन-तीन ब्रेकापुरती ओढ डब्ब्यात राहते, मंग तुह्या पायाचा जोर अन् तू. ब्रेक लागते, पण तुह्या बायकोले, तुह्या बाबाले तेवढं दाबता येईन का? अन् तू कारंज्यातून समृद्धीवर चढतेस ना, शंभर-एकशेवीसनं?" समृद्धीवर कारची मर्यादा 120 आहे, अन् मागं ट्रक असते, अन् मधातच गाडी मरते. मी गप्प बसलो.

एक गोष्ट मी नंतर चाचांशी बोलून नीट समजून घेतली ती पण लिहितो, कारण कामाची आहे. चालत्या गाडीत इंजिन मेलं अन् गाडी गिअरमध्येच आहे तर चाकंच इंजिनाला फिरवत राहतात, तोपर्यंत ओढ तयार होत राहते, पण घाबरून माणूस पहिले क्लच दाबते अन् तिथंच खेळ संपते. तेव्हा एकच लंबा ब्रेक मारून बाजूला घ्यायची, टुकटुक दाबत नाही बसायचं. अन् बूस्टर ठीक आहे का हे घरी पाहायचं असेल तर बंद गाडीत पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय दाबूनच ठेवा अन् चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर मिस्त्री गाठा.

तर मग गेलो सर्व्हिस सेंटरला. गावातून पन्नासेक किलोमीटर. आता रिव्ह्यू म्हणून लिहायचं तर जागा चांगली आहे, एसी आहे, चहाचं मशीन आहे, काचेतून आपली गाडी दिसते, सोफ्यावर माझ्यासारखेच दोघं-तिघं चपला काढून पाय वर घेऊन बसले होते. साडेनऊची वेळ दिली होती, साडेदहाला हात लागला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पंचविशीतला पोरगा, टॅब घेऊन गाडीभोवती फिरला, प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला. मी विचारलं पंपाला नेमकं झालं काय, तर त्यानं बरं समजावून सांगितलं, आत प्लॅस्टिकचं चक्र असते इम्पेलर म्हणून, त्या लॉटमधलं पेट्रोलमध्ये राहून फुगते, मग घासते, अटकते अन् पंप बसते. सगळ्याच गाड्यांत होईल असं नाही, पण कोणत्या गाडीत होईल हे बाहेरून कळत नाही, म्हणून लॉटच बोलावतात.

हे लॉटचं लोकांना कळत नाही म्हणून इथं थांबतो जरा. ऑक्टोबर 2022 मध्ये मारुतीनं वॅगनआर, सेलेरिओ अन् इग्निस मिळून 9,925 गाड्या मागच्या ब्रेकच्या असेंब्लीतल्या एका पिनसाठी बोलावल्या होत्या. त्या सगळ्या 3 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2022 या महिनाभरात बनलेल्या. म्हणजे गाड्या अजून कोऱ्या, सीटचं प्लॅस्टिक पण निघालं नसेल कोणाकोणाचं. अशा गाडीत झीज कुठून येणार? रिकॉल हा असा असते, बनवतानाच गडबड झाली, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. तुमची गाडी साठ हजार चालली अन् ब्रेकचा पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी थाळीला (डिस्कला) दाबून गाडी थांबवणारा तुकडा, घासला तर तो तुमच्या चपलेचा तळ घासल्यासारखं आहे, त्यासाठी दुकानदार तुम्हाला बोलावणार नाही.

पंपाचं काम अडीच तासात झालं. बिल शून्य, जॉब कार्डवर रिकॉल असं वेगळं लिहिलेलं, जुना पंप त्यांनी ठेवून घेतला, तो कंपनीला वापस जाते म्हणे, ते मला पटलं. इथपर्यंत मी खुश होतो, घरी फोन करून सांगितलं पण की टपरीवाले चुकीचे निघाले.

अन् मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. मी दहा फुटांवर बसलो आहे अन् मला व्हिडिओ! चाक काढलेलं, मागून आवाज, "सर आपके फ्रंट ब्रेक पॅड वेअर हो चुके है, डिस्कपे लाइन आई है." पोरगा आला, टॅब दाखवला: पुढचे पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे शू (मागच्या चाकात पॅडचं काम हे करतात, ड्रमच्या आतून दाबून), ड्रम टर्निंग म्हणजे ड्रम घासून सपाट करणं, ब्रेक क्लीनिंग, ब्रेक ऑइल, कंज्युमेबल म्हणून आणखी काही, सगळं मिळून 14,260 रुपये. मी म्हटलं मी तर पंपासाठी आलो होतो. तो म्हणे, "सर सेफ्टीचा विषय आहे, रिकॉल पण सेफ्टीसाठीच होता ना, सोबतच करून घ्या."

इथं माझं टाळकं सटकलं. कारण पाहा, दोन वेगळ्या गोष्टी त्यानं एकाच दोरीनं बांधल्या. एकीकडं कंपनीची चूक, दुसरीकडं माझ्या गाडीची वापरातली झीज, अन् मधात "सेफ्टी" शब्द टाकला की मीही घाबरून हो म्हणावं. बाजूच्या सोफ्यावरचा माणूस तर सांगत होता की त्याला ब्रेकचं काम रिकॉलचाच भाग वाटला अन् बिल पाहून कळलं. मी विचारलं, पॅड किती एमएम राहिला? पोरगा म्हणे वीस टक्के. मी म्हटलं टक्के नको, एमएम सांग. आत जाऊन आला, म्हणे तीन. मागचे शू? "सर ते पण सोबत बदलणं रेकमेंडेड आहे." किती राहिले हे नाही सांगितलं. मला आत जाऊन पाहू द्या म्हटलं तर इन्शुरन्समुळे कस्टमरला फ्लोअरवर परवानगी नाही. शेवटी एक कागद पुढं केला की ग्राहकानं ब्रेकचं काम नाकारलं, पुढची जबाबदारी ग्राहकाची, सही करा. केली सही. हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू, घरी जायचं पन्नास किलोमीटर अन् कागदावर लिहून दिलेलं की ब्रेक खराब आहेत.

निघताना तोच पोरगा हळूच म्हणे सर फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कटतो. त्याच्यावर राग नाही माझा. तो पोरगा टार्गेटवर चाललेला आहे, जसं आपल्याला पीककर्ज पाहिजे असते अन् बँकेतला आपल्याला आधी विमा दाखवते.

चाळीसनं गाडी चालवत सरळ चाचांकडं. त्यांनी पुढचं डावं चाक काढलं अन् मला म्हणाले बैस खाली, स्वतः पाह्य. ही गोष्ट सेंटरात चौदा हजार देऊनही मिळाली नसती. पॅड दोन असतात, डिस्कच्या आतल्या अंगाला एक, बाहेरच्या अंगाला एक. बाहेरचा चांगला सात एमएम होता. आतला तीनला आलेला, जवळजवळ संपलेला. एकाच चाकात असा फरक का? चाचांनी कॅलिपरची, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन काढून दाखवली, ती सरकायला पाहिजे तर काळ्या मातीच्या चिखलानं जाम झालेली, रबराचं बूट फाटलेलं अन् आत माती वाळून सिमेंट झालेली. कॅलिपर सरकत नव्हता म्हणून आतलाच पॅड एकटा घासत राहिला. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सहा-सात. मागचे ड्रम उघडले, आतून वाटीभर धूळ निघाली, शू अजून एखादं वर्ष आरामात जातील असे. डिस्कवर रेघा होत्या, पण नख फिरवलं तर अटकत नव्हतं, चाचा म्हणाले राहू दे.

म्हणजे सेंटरवाला खोटं बोलला का? नाही. तीन एमएम खरं होतं. त्यानं चारपैकी सगळ्यात वाईट पॅड मोजला अन् हिशोब पूर्ण गाडीचा लावला, अन् खरी खराबी, ती जाम पिन, त्याच्या चौदा हजारांच्या यादीत कुठंच नव्हती. नवीन पॅड टाकून दिले असते तर तेही सहा-आठ महिन्यांत तसेच एका बाजूनं खाऊन टाकले असते. अन् मी? मी पण चुकीचाच होतो, मला वाटलं होतं की सगळंच खोटं आहे, ब्रेक एकदम ठीक असतील. तसाच चालवत राहिलो असतो तर आतल्या पॅडचं पुढं लोखंडावर लोखंड घासलं असतं.

किर्रर्र आवाजाचं पण तेव्हाच कळलं. बऱ्याच पॅडवर पत्र्याची एक बारकी पट्टी असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकते अन् ओरडते. ती बनवलीच त्यासाठी आहे. मी पंधरा दिवस गाण्याचा आवाज वाढवून चालवत होतो. सकाळी पावसात उभ्या गाडीचा पहिल्या एक-दोन ब्रेकाला जो खर्र आवाज येते ते वेगळं, रात्रीतून डिस्कवर हलका गंज धरते अन् दोन ब्रेकात निघून जाते, त्याचं टेन्शन नाही.

खर्च सांगतो. पुढच्या पॅडचा सेट, दोन्ही चाकांचा, एका बाजूचाच बदलत नसतात, 1,850. पिनचे रबर बूट अन् ग्रीस 260. ब्रेक ऑइल 330. मजुरी 600. झाले 3,040. ब्रेक ऑइल तर चार वर्षांत कोणी बदललंच नव्हतं, टॉप अप तेवढं केलं होतं, बाटलीत काढलं तर काळ्या चहासारखं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेते. डॉट 3 ग्रेडचं तेल कोरं असते तेव्हा 205 डिग्रीला उकळते, पाणी शोषलेलं 140 लाच उकळायला लागते, अन् उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दबते, अन् पेडल सरळ खाली जमिनीला. सपाटीवर तेवढं गरम होत नाही म्हणून आपल्याला वर्षानुवर्षं कळत नाही. घाटात कळते. आपल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलेलं असते, डॉट 3 किंवा डॉट 4, तेच टाकायचं.

घाटावरून शेजारच्या भाऊचा किस्सा आठवला. त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची, 22 हजाराला पुढचे पॅड गेले, अन् माझं रिकॉलचं ऐकून तो पेटला, म्हणे माझ्याही गाडीचा रिकॉल लावा, कंपनीनं हलके पॅड टाकले. तक्रारीचा मसुदा पण तयार केला. मी त्याच्यासोबत चिखलदऱ्याला गेलो होतो दिवाळीच्या सुट्टीत म्हणून मला माहीत आहे, हा माणूस परतवाड्याकडं उतरताना गाडी न्यूट्रलला टाकते, पेट्रोल वाचते म्हणून, अन् पूर्ण घाट ब्रेकवर उतरते. मागं बसलेल्या वहिनी म्हणत होत्या काहीतरी जळल्याचा वास येऊन राहिला, तो म्हणे जंगलात कोणी काडीकचरा पेटवला असेल. खाली आलो तेव्हा चाकातून धूर. आता गंमत अशी की आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच करतात, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाते. म्हणजे पेट्रोल पण गेलं अन् पॅड पण भाजून काचेसारखे गुळगुळीत झाले. सपाट रस्त्यावरही त्याचा पाय पेडलवर टेकलेलाच असते, अन् सोयाबीनच्या दिवसांत मागच्या सीटवर चार चार पोते. कंपनीनं काय बनवावं अशा माणसासाठी?

त्याची दुसरी तक्रार अशी की मुरमाच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरते अन् गाडी पुढं घसरत जाते. अरे बापा, ते एबीएस आहे. एप्रिल 2019 पासून सगळ्या नवीन कारमध्ये सक्तीचं आहे, चाक जाम होऊ देत नाही म्हणून पकड-सोड करते. सुट्या मुरमावर अन् गिट्टीवर त्यानं थांबायला अंतर थोडं जास्तही लागते, पण स्टिअरिंग वळते, खड्ड्यात नाही जात आपण. आमच्याकडचे निम्मे लोक ती थरथर जाणवली की पाय उचलतात. दाबूनच ठेवायचं.

पण म्हणून लोकांची प्रत्येक तक्रार अशीच असते असंही नाही अन् भाऊला मी हेही सांगितलं. टोयोटाचं घ्या. 2009-10 ला अमेरिकेत त्यांच्या गाड्या आपोआप पळतात म्हणून एवढा गोंधळ झाला की शेवटी नासाच्या इंजिनिअरांना इलेक्ट्रॉनिक्स तपासायला बसवलं, अन् 2011 ला अहवाल आला की इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नाही. बऱ्याच ठिकाणी माणसानंच ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. झालं, कंपनी निर्दोष? नाही ना. पायाखालचं मॅट पेडलमध्ये अडकत होतं हे खरं निघालं, काही पेडल अटकून राहत होते हेही खरं निघालं, अन् हे लोकांपासून लपवलं म्हणून 2014 ला टोयोटानं 120 कोटी डॉलर भरले. त्याच वेळच्या टोयोटाच्या प्रियस गाडीत खडबडीत रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटते ही तक्रार होती, सुरुवातीला ऐकणाऱ्याला वाटावं की भाऊसारखाच कोणीतरी आहे, पण फेब्रुवारी 2010 ला जगभरातून चार लाखांवर गाड्या बोलावून एबीएसचं सॉफ्टवेअर बदलून दिलं. अन् टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या एअरबॅग तर विचारूच नका, आतलं अमोनियम नायट्रेट उष्णता अन् दमटपणानं वर्षानुवर्षं खराब होत गेलं अन् एअरबॅग उघडायच्या ऐवजी फुटून लोखंडाचे तुकडे तोंडावर, माणसं मेली, 2017 ला कंपनीचं दिवाळं निघालं. जुनी गाडी सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर चेसिस नंबर टाकून पाहाच, कारण रिकॉलचा मेसेज पहिल्या मालकाच्या नंबरवर जाते अन् तो का तुम्हाला फॉरवर्ड करणार आहे?

आता स्टार. सर्व्हिस सेंटरला रिकॉलच्या कामासाठी पाचपैकी चार, एक तास उशीर झाला नसता तर पूर्ण दिले असते. ब्रेकच्या सल्ल्यासाठी दोन, तेही तीन एमएम खरं सांगितलं म्हणून. चाचांना चार. एक का कापला? बिल नाही, गॅरंटी तोंडी. चाकाचे नट पायानं पान्यावर उभं राहून आवळतात, मोजून आवळायचा पाना त्यांच्याकडं नाही. गाडी जॅकवर अन् खाली आधार म्हणून एक दगड, ते पाहून माझ्या पोटात गोळा येते. अन् ब्रेकची धूळ काँप्रेसरच्या हवेनं फर्रकन उडवतात, मास्क नाही काही नाही, खोकत राहतात. मी रुमाल दिला तर हसले.

फीडबॅकचा कॉल आला. पंपाचे दहा दिले, ब्रेकचं बाईला सविस्तर सांगायला लागलो तर म्हणे सर एकच आकडा द्या. सात म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराचा फोन, सर काही प्रॉब्लेम झाला का. त्याला जाम पिनचा फोटो पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही आलं.

घरी बाबांना हे सगळं सांगत होतो, ते ओट्यावर बसून ऐकून घेत होते, म्हणाले, "ट्रॅक्टरचा नाही आला का रिकॉल? तो बी एका अंगाले ओढते ब्रेक मारला का." ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं अन् उजव्याचं वेगळं, शेतात वळवायला, अन् रस्त्यावर यायच्या आधी दोन्ही लॅचनं जोडायची असतात, नाहीतर एकावरच पाय पडला की ट्रॅक्टर त्या अंगाला फिरते, मागं ट्रॉली भरलेली असली तर झालंच मग. मी विचारलं लॅच लावता का? म्हणाले लॅच कोणती? जाऊन पाहिलं. होती जागेवर, गंजून बसलेली, हातोडीचे चार टोले मारले अन् जळकं ऑइल सोडलं तेव्हा कुठं हलली.